एका संस्थेचं दूध परत आणताना

पावणेसातला फोन वाजला तेव्हा मी गाडीवर होतो. दूध संस्थांचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला संध्याकाळी सहा ते आठ फोन येतातच. फॅट मशिनचं रीडिंग येत नाही, वजनकाट्याची केबल निसटली, स्लिप छापत नाही. हा फोन तसला नव्हता.

"साहेब, एक तारखेपासनं सगळं दूध गेलं की ओ," तात्या म्हणाले.

तात्या म्हणजे करवीर तालुक्यातल्या एका संस्थेचे सचिव. वय साठीच्या पुढे, आवाज एरवी शांत. त्या दिवशी ११ तारीख होती. आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं, त्यामुळे अकराला एक ते दहाचं बिल काढायची गडबड असते. दरपत्रक चुकीचं लागलं म्हणून ऑपरेटर पोरानं बिल रद्द करायचं बटण दाबलं होतं. बटणानं बिल रद्द करायला हवं होतं. त्यानं बिलामागच्या संकलनाच्या नोंदीही उडवल्या, आणि त्याही फक्त दहापर्यंतच्या नाहीत. एक तारखेपासून पुढच्या सगळ्या, म्हणजे अकराच्या सकाळचं दूधही गेलं. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमात, शेवटची तारीख घालायची राहिली होती. ती क्वेरी मीच लिहिलेली होती, त्यामुळे त्या पोरावर ओरडायची सोय नव्हती.

ऑफिसात पोचलो तर आमचा ज्युनिअर तयारच होता. "रात्री दोनचा बॅकअप आहे सर. चढवू?"

मी हो म्हणणारच होतो. मग समोरच्या स्क्रीनवर दर सेकंदाला पडणाऱ्या नवीन नोंदी दिसल्या. बाकीच्या साठ गावांत रांगा लागल्या होत्या, किटल्या रिकाम्या होत होत्या, स्लिपा निघत होत्या. रात्री दोनचा बॅकअप चढवला असता तर तात्यांचं बहुतेक दूध परत आलं असतं आणि साठ संस्थांचं सकाळपासूनचं दूध आमच्या हातानं गेलं असतं.

बॅकअप आमच्याकडे होता. वर्षानुवर्षं रोज रात्री बिनचूक निघत होता. फक्त तो एकाच प्रकारे परत आणता येत होता: सगळा, सगळ्यांवर. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण बॅकअप घ्यायला लागलो तेव्हा डोळ्यांसमोर एकच संकट होतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात एका संस्थेचा संगणक पाण्यात गेला, आणि त्याच कपाटात ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्कही त्याच्यासोबत गेली. त्यानंतर आम्ही सगळ्या संस्था एका मध्यवर्ती सर्व्हरवर आणल्या, पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतला एक डेटाबेस, सगळ्यांची टेबलं एकच आणि प्रत्येक ओळीत संस्था क्रमांकाचा एक रकाना. पूर आला तर सर्व्हर वाचेल, सर्व्हर गेला तर डंप, म्हणजे रोज रात्री निघणारी डेटाची प्रत, वाचेल. विचार तिथं संपला होता.

त्या रात्री काय केलं ते सांगतो, कारण कुणावर तरी ही वेळ येईल. आमचा डंप साध्या मजकुराच्या स्वरूपात होता, म्हणजे एक लांबच लांब एसक्यूएल फाइल, झिप केलेली. साध्या डंपला पीजी-रिस्टोअर, म्हणजे डंप परत चढवणारा पोस्टग्रेसचा प्रोग्राम, हात लावत नाही, त्यामुळे 'यातलं एवढंच टेबल दे' असं सांगायची सोय नाही. पण फाइल मजकुराची असते हा तिचा गुणही आहे. प्रत्येक टेबलाचा डेटा 'कॉपी' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीपासून एकट्या उलट्या तिरक्या रेघेवर आणि टिंबावर संपतो. ऑक या मजकूर कापणाऱ्या प्रोग्रामनं तेवढा तुकडा कापला, दुसऱ्याच एका रिकाम्या डेटाबेसमध्ये भरला, त्यातून तात्यांच्या संस्थेच्या आणि एक तारखेनंतरच्या ओळी निवडल्या आणि चालू डेटाबेसमध्ये घातल्या. तीन हजार सहाशेच्या आसपास ओळी. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

उरलं अकराच्या सकाळचं दूध. ते रात्री दोनच्या बॅकअपमध्ये असणार कसं? तात्यांनी संस्थेत अजून हाताची वही ठेवलेली आहे. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), निळ्या शाईत. त्यांचा नातू फोनवर एकेक ओळ वाचत होता आणि मी टाइप करत होतो. १७१ नोंदी. "एकशे बारा, म्हैस, चार पूर्णांक दोन, फॅट सात पूर्णांक एक." मध्येच त्याला जांभई आली की तात्या फोन घ्यायचे.

मोहीम फत्ते म्हणून झोपलो आणि सकाळी दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली, अकराला दिवसभरात तात्यांनी बिलाआधीच्या दुरुस्त्या केल्या होत्या. कुणाचा फॅट चुकला होता, कुणाचं गाईचं दूध म्हशीत पडलं होतं. त्या दुरुस्त्या वहीत नव्हत्या, त्या थेट स्क्रीनवर झालेल्या. आम्ही परत आणलेलं दूध हे दुरुस्तीआधीचं दूध होतं. दुसरी गोष्ट आणखी वाईट. संकलनाच्या टेबलावर एक ट्रिगर होता. ओळ आली की सभासदाच्या खात्यावर तेवढी रक्कम जमा. ओळ उडाली की वजा करणारा ट्रिगर लिहायचा मी आळस केला होता. त्यामुळे आम्ही ओळी परत घातल्या तशी प्रत्येकाच्या खात्यावर दहा दिवसांची रक्कम दुसऱ्यांदा जमा झाली. बँकेला फाइल जायच्या आत एका आजींनी विचारलं, "एवढं पैसं माझं कसं?" म्हणून वाचलो.

त्या आठवड्यात मी कोऱ्या कागदावर बॅकअप हा शब्द न वापरता लिहायला बसलो: काय जाऊ शकतं, आणि ते परत मागायला कोण येईल? सर्व्हरच मेला तर सगळे येतील, आणि त्यांना सगळं हवं असेल, लवकर हवं असेल, कारण पहाटे साडेपाचला पुन्हा रांग लागते. एखाद्या संस्थेत घोळ झाला तर एकटे तात्या येतील, आणि त्यांना फक्त त्यांचं हवं असेल, पण मिनिटाच्या हिशेबानं: बटण दाबायच्या आदल्या मिनिटाचं. आणि दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी येईल. दिवाळीला संस्था सभासदांना दर फरक वाटते, तो अख्ख्या वर्षाच्या लिटरवर निघतो. जूनमधली चूक तेव्हा ऑक्टोबरात सापडते. त्या माणसाला चार-सहा महिन्यांपूर्वीचं एक टेबल हवं असतं, नुसतं बघायला. या तिन्ही गिऱ्हाइकांना एकच माल चालत नाही, आणि आमच्या दुकानात एकच माल होता.

आधी निवडक रिस्टोअरची सोय केली. डंप साध्या मजकुराऐवजी डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये घ्यायला लागलो. यात प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल पडते, काढताना आणि चढवताना एकाच वेळी अनेक टेबलांवर काम चालवता येतं. मुख्य म्हणजे आत काय-काय आहे त्याची यादी पीजी-रिस्टोअर काढून देतं. नको त्या ओळींपुढे अर्धविराम टाकायचा आणि तीच यादी परत त्याच्या हातात द्यायची, की तेवढंच चढतं. बाजारातल्या सामानाच्या यादीवर काट मारावी तसं.

पण टेबल वेगळं निघून उपयोग काय, सगळ्या संस्था त्याच टेबलात? म्हणून प्रत्येक संस्थेला वेगळी स्कीमा, म्हणजे त्याच डेटाबेसातला स्वतंत्र कप्पा, दिली. स्वतंत्र डेटाबेस द्यायचा विचारही झाला. पण संघाचं दरपत्रक आणि पशुखाद्याचे दर सगळ्यांना सामाईक आहेत, आणि एका डेटाबेसमधून दुसऱ्यात परकीय कळ, म्हणजे एका टेबलातल्या ओळीचा दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी पक्का दुवा, बांधता येत नाही. स्कीमा बऱ्या पडल्या. रोज रात्री एक-दोन संस्था हलवत दोन महिने गेले. आता टेबलात एक रकाना वाढवायचा तर एकसष्ट ठिकाणी वाढवावा लागतो, ही त्याची किंमत. सहाशे संस्था असत्या तर मी पुन्हा विचार केला असता.

मग एक हुशारी सुचली: प्रत्येक संस्थेचा डंप वेगवेगळा काढू, एकसष्ट फाइली, ज्याची त्याला. सुदैवानं ती कागदावरच मेली. पीजी-डंप, म्हणजे डंप काढणारा प्रोग्राम, सुरू होताना डेटाबेसचं एका क्षणाचं चित्र धरतो आणि शेवटपर्यंत त्याच क्षणाचं देतो. एकसष्ट वेळा चालवला तर एकसष्ट वेगळे क्षण. सामाईक दरपत्रक एका क्षणाचं, संस्थेचं बिल दुसऱ्या. ते चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, निर्यात करून सगळ्या डंपांना एकच क्षण देता येतो, पण एवढी उस्तवार कशाला? एकच पूर्ण डंप घ्यायचा आणि निवड चढवताना करायची.

चढवताना मात्र पीजी-रिस्टोअरनं बऱ्याच कोपरखळ्या मारल्या. स्कीमेचं नाव देऊन चढवलं तर त्या स्कीमेतल्या वस्तू येतात, पण स्कीमा स्वतः येत नाही. ती आधी हातानं बनवावी लागते. टेबलाचं नाव देऊन चढवलं तर टेबल आणि डेटा येतो, इंडेक्स (शोध वेगानं लागावा म्हणून ठेवलेली सूची) आणि प्राथमिक कळ (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) येत नाही. पीजी-डंपला टेबलाचं नाव दिलं तर इंडेक्सही येतात, म्हणून मी धरून चाललो होतो की इथंही येतील. एकाच घरातल्या दोन भावांचे स्वभाव वेगळे. आणि युजर व त्यांचे पासवर्ड, ज्यांना पोस्टग्रेस रोल म्हणतो, ते तर पीजी-डंपच्या कुठल्याच डंपमध्ये नसतात. ते पीजी-डंप-ऑलनं वेगळे काढावे लागतात. नव्या मशिनवर पहिल्यांदा चढवलं तेव्हा 'असा रोल नाही' म्हणून शेकड्यानं ओळी ओरडल्या.

आता रीत ठरली आहे. चालू डेटाबेसमध्ये थेट काहीच चढवायचं नाही. बाजूला कोरा डेटाबेस करायचा, त्यात डंपचा पहिला भाग, म्हणजे सगळ्या टेबलांचे सांगाडे आणि फंक्शनं, पूर्ण चढवायचा. डेटा फक्त सामाईक स्कीमेचा आणि हव्या त्या संस्थेचा. तिसरा भाग, ज्यात इंडेक्स, बंधनं आणि ट्रिगर असतात, तो बहुतेक वेळा टाळतोच. मग जुनं आणि चालू यांची तुलना: जुन्यात आहे पण चालूत नाही अशा ओळी, आणि चालूत आहे पण जुन्यात नाही अशा. ही यादी सचिवांना पाठवतो. काय परत आणायचं ते मी ठरवत नाही, ते ठरवतात. परत घालताना त्या टेबलावरचे आपण लिहिलेले ट्रिगर तेवढ्यापुरते बंद. इथं अनेक जण सेशनची भूमिका बदलून 'रेप्लिका' करतात. त्यानं ट्रिगर गप्प बसतात खरे, पण परकीय कळांची तपासणीही गप्प बसते, आणि नसलेल्या सभासदाच्या नावावर दूध जमा होतं. टेबलावर फक्त युजर ट्रिगर बंद करायची आज्ञा आहे, ती वापरावी.

एवढं करूनही तात्यांच्या दिवसभरातल्या दुरुस्त्या परत आल्या नसत्या. रात्री दोन ते संध्याकाळी पावणेसात यांच्यामधलं डंपमध्ये नसतंच. त्यासाठी दुसऱ्या जातीचा बॅकअप लागतो, आणि तो मला संस्थेच्या हिशेबाच्या भाषेतच नीट समजला. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितो. तिला वॉल म्हणतात, सोळा-सोळा एमबीच्या फाइली. ही त्याची रोजकीर्द. दर रविवारी रात्री अख्ख्या डेटा डिरेक्टरीची नक्कल घेतो, ती आरंभीची शिल्लक. शिल्लक मांडायची आणि त्यापुढची रोजकीर्द हव्या त्या मिनिटापर्यंत ओढत आणायची, की त्या मिनिटाचा डेटाबेस उभा राहतो.

यात मेख अशी की ही रोजकीर्द सगळ्यांची एकत्र असते, तीही डिस्कवरच्या पानांच्या भाषेत. तात्यांच्याच नोंदी वेगळ्या ओढता येत नाहीत. म्हणून दोन्ही जातींची सांगड घातली. वेगळ्या मशिनवर अख्खा सर्व्हर हव्या त्या मिनिटापर्यंत उभा करायचा, आणि तिथून एका संस्थेचा पीजी-डंप काढून नेहमीच्या रीतीला लावायचा. निवडक रिस्टोअर हवं तरी वाट पूर्ण रिस्टोअरमधूनच जाते, हे कळायला मला एक रात्र आणि १७१ ओळी लागल्या.

पहिली तालीम फसली. तालमीसाठी मुद्दाम पुन्हा घडवलेल्या घोळाची वेळ मी १८:३९ अशी लिहिली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, होतं. त्यानं १८:३९ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे १२ वाजून ९ मिनिटं धरले, इमानेइतबारे तिथपर्यंत रोजकीर्द ओढली आणि वाटेत तात्यांचं दूध पुन्हा एकदा उडवून दाखवलं. आता वेळेपुढे साडेपाच तासांचा फरक लिहिल्याशिवाय मी एंटर दाबत नाही. शिवाय पोचल्यावर थांबून राहायची सोय आहे, तो मूळचाच स्वभाव आहे. थांबलेल्या अवस्थेत वाचून बघता येतं, तिथूनच डंपही निघतो. कमी पडलं तर पुढची वेळ देऊन आणखी ओढता येतं. मागे मात्र जाता येत नाही. मागे जायचं तर शिल्लक नव्यानं मांडा. म्हणून पहिली वेळ मुद्दाम दोन-तीन मिनिटं अलीकडची देतो.

दुसऱ्या तालमीत सर्व्हर उठेचना. उबंटू या लिनक्सवर पोस्टग्रेसची कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंगची फाइल, डेटा डिरेक्टरीत नसते, ईटीसी या वेगळ्या फोल्डरखाली असते. नक्कल डेटा डिरेक्टरीची, मग ती फाइल तिच्यात येणार कुठून? आता ती फाइलही बॅकअपमध्ये आहे. आणि ती तशीच उचलून तालमीच्या मशिनवर टाकायची नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. तिच्यात वॉल फाइली कुठं साठवायच्या तो पत्ता असतो, आणि तालमीतलं मशिन स्वतःच्या फाइली खऱ्या साठ्यात टाकायला लागतं.

एक धक्का खुद्द चालू सर्व्हरवर बसला. वॉल साठवायची जागा भरली. साठवण यशस्वी झाल्याचं कळेपर्यंत पोस्टग्रेस ती फाइल सोडत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. त्या प्रामाणिकपणात मुख्य डिस्कही भरत आली. सकाळी सहाला संकलन थांबायला दोन जीबी उरले होते. बॅकअपनं धंदा बंद पाडला असता! तेव्हापासून साठवण अडली की माझा फोन वाजतो. ईमेल नाही, फोन. कारण ईमेलचं काय होतं ते गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीनं ३१ जानेवारी २०१७ च्या घोळानंतर जगाला उघडपणे सांगितलेलं आहे. चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली गेली आणि बॅकअप शोधायला गेले तर पीजी-डंप फसत होता: डेटाबेस ९.६ चा आणि डंप ९.२ च्या प्रोग्रामनं चाललेला. फसल्याचे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. सहा तास आधीची एक डिस्कची प्रत नशिबानं होती, तिच्यावर निभावलं. हे वाचून मी आमच्या सर्व्हरवरचं क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचं, टपाल उघडलं. रूटच्या, म्हणजे मुख्य युजरच्या, पेटीत चार हजारांवर न वाचलेली पत्रं होती. बहुतेक निरुपद्रवी, पण ती न वाचता मला ते कळणार कसं होतं?

किती दिवस ठेवायचं हे दिवाळीवाल्या गिऱ्हाइकानं ठरवलं. वॉल तीन आठवडे. त्याहून जुनी चूक मिनिटाच्या हिशेबानं कुणी मागत नाही. रोजचे डंप चौदा दिवस, आणि दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेचे, म्हणजे बिल निघायच्या पहाटेचे, दोन वर्षं. लेखापरीक्षक मागचं विचारायला येतात तेव्हा त्यांना तेच लागतात. एक प्रत दुसऱ्या शहरातल्या साठ्यात जाते. सर्व्हरचा पासवर्ड वापरून तिथं नवीन टाकता येतं, पण जुनं पुसता येत नाही, हे मुद्दाम. हार्डडिस्क ऑफिसात आहे, दुसऱ्या मजल्यावर. पंचगंगा विसरलेलो नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तालीम असते. ज्युनिअर चिठ्ठी उचलतो: कुठली संस्था, कुठली वेळ. पूर्ण सर्व्हर उभा राहायला सुरुवातीला चार तास लागायचे, आता दोन तास दहा मिनिटं. डंपमधून एक संस्था काढायला पंचवीस मिनिटं. चिठ्ठीत एकदा त्यानं गमतीनं 'सर रजेवर आहेत' असंही लिहून टाकलं होतं. ती तालीम सगळ्यात कामाची झाली. साठ्याची किल्ली फक्त माझ्या लॅपटॉपवर होती.

गेल्या ऑक्टोबरात पुन्हा तात्यांचा फोन आला. फरकाची यादी लावली होती आणि तेवीस सभासदांचं आषाढातल्या एका दिवसाचं म्हशीचं दूध गाईत गेलेलं दिसत होतं. त्या महिन्याचा डंप काढला, बाजूला चढवला, तुलना केली, यादी पाठवली. चाळीस मिनिटं. तेवीसपैकी बावीस ओळी तात्यांनी लगेच मान्य केल्या. तेविसावी अडली. ती त्यांनी नंतर स्वतःच दुरुस्त केली होती असं त्यांना वाटत होतं. तसं असेल तर जुनी ओळ परत घालणं म्हणजे दुरुस्ती पुसणं.

"थांबा," ते म्हणाले, "वही बघतो."

पानं उलटल्याचा आवाज फोनवर येत राहिला. मी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलो होतो, बावीस ओळी आत, कमिट, म्हणजे त्या पक्क्या करणं, बाकी.

"गाईचंच हाय," तात्या म्हणाले. "त्याची म्हैस तवा आटली होती."